एका शिक्षकाची सहल

श्रोतेहो, आषाढ जवळ आला की पंढरीच्या वाटेवरच्या गावांत एक देखावा दरवर्षी दिसतो. सांज होते, आभाळ भरून येते, आणि चिखल तुडवीत आलेली एखादी दिंडी गावच्या शाळेच्या ओसरीला टेकते. कोणी किल्ली घेऊन धावतो, कोणी बाके भिंतीकडे सारतो, कोणी घरची भाकरी-पिठले घेऊन येतो. रात्रीपुरती शाळेची धर्मशाळा होते. पहाटे वारकरी खोली झाडून पुढच्या मुक्कामाला लागतात. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. वाटसराला आसरा द्यावा ही आपल्याकडची जुनी रीत. अहिल्याबाई होळकरांनी तर दूरदूरच्या तीर्थांवर घाट आणि धर्मशाळा बांधून ठेवल्या.

आज मी तुम्हांला अशाच एका पावसाळी रात्रीची हकिगत सांगणार आहे. ती मात्र पंढरीच्या वाटेवरची नव्हे, दूर जर्मनीतली आहे. दिंडीच्या जागी तिथे शाळेतली मुले होती आणि त्यांच्यापुढे त्यांचे मास्तर चालत होते. त्या एका रात्रीतून पुढे जे घडले, त्यामुळे जगातल्या लाखो मुलांना घराबाहेर रात्रीचे छप्पर मिळाले.

या मास्तरांचे नाव रिखार्ड शिरमान. जन्म १५ मे १८७४ चा, पूर्व प्रशियातल्या एका लहानशा खेड्यातला. वडीलही शिक्षकच. मुलगाही शिक्षक झाला आणि १९०१ साली जर्मनीच्या पश्चिम भागात, गेल्झेनकिर्खेन या कोळशाच्या खाणींच्या गावी नोकरीला आला. खेड्यात वाढलेला हा माणूस. धुराड्यांच्या छायेतली मुले पाहून त्याचा जीव कळवळला. झाड, ओढा, शेत यांची नावे त्यांनी पुस्तकात वाचायची, पण प्रत्यक्ष भेट नाही. तेव्हा मास्तरांनी वर्गच बाहेर नेला. निसर्गाचा धडा रानात, भूगोलाचा धडा टेकडीवर. पुढे १९०३ साली ते आल्टेना गावी आले. हे गाव लेन नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेले आहे. लोखंडाची तार ओढणे हा तिथला पिढीजात धंदा. भोवती रानाने भरलेले डोंगर आणि माथ्यावर एक जुना किल्ला. या तारकामगारांच्या गावात शिरमान मास्तरांच्या सहली वाढत गेल्या. अर्ध्या दिवसाची फेरी एक दिवसाची झाली, मग अनेक दिवसांची.

त्या काळी जर्मनीत पायी भटकण्याची एक लाटच आली होती. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्स इथे १९०१ साली शाळकरी मुलांची एक संघटना निघाली होती. तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘भटका पक्षी’. पाठीवर पिशवी, हातात वाद्य, ओठांवर लोकगीत, असे हे तरुण रानोमाळ हिंडत. पण मंडळी, ही मुले बहुतेक चांगल्या घरची, वरच्या शाळांत शिकणारी. डोंगराळ मुलुखात मुक्कामाच्या सोयी थोड्याफार होत्या, त्याही अशाच विद्यार्थ्यांसाठी. तारकामगाराच्या पोराने कुठे झोपायचे? खाणावळीचे भाडे त्याच्या बापाला परवडणारे नव्हते. एका दिवसाच्या सहलीला अडचण नसते. खरी अडचण सूर्य मावळल्यावर सुरू होते. सहलीचा प्रश्न मुळात रात्रीचा प्रश्न असतो, हे ज्या शिक्षकाने एकदा मुलांना मुक्कामी नेले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

१९०९ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत शिरमान मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्टेनाहून निघाले. आठ दिवस पायी चालायचे आणि पश्चिमेला सरहद्दीजवळच्या आखेन शहरी पोचायचे, असा बेत होता. तारीख होती २६ ऑगस्ट. ब्रोल नावाच्या नदीच्या खोऱ्यात असताना आभाळ फाटले. विजा, वारा आणि मुसळधार पाऊस. बरोबर दुसऱ्यांची पोरे आणि डोक्यावर छप्पर नाही. अशा वेळी मास्तराच्या मनाची काय अवस्था होते, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

अखेर वाटेत एक शाळा लागली. सुटीमुळे ती रिकामी होती. तिथल्या मुख्याध्यापकाने एक वर्ग उघडून दिला. एका शेतकऱ्याने अंथरायला पेंढा आणि रात्रीच्या जेवणाला दूध दिले. झाले! एवढ्यावर मुले निश्चिंत झोपली. बाहेर वादळ रात्रभर घोंघावत होते. जागे होते एकटे मास्तर. आणि त्या जागरणात त्यांच्या मनात एक विचार आला.

विचार अगदी साधा होता बघा. सुटीत देशातल्या शाळा रिकाम्या पडलेल्या असतात आणि सुटीतच मुले प्रवासाला निघतात. मग ही कुलुपे उघडली तर? एका दिवसाच्या चालीवर एक, असे मुक्काम गावोगावच्या शाळांतून का करू नयेत? मास्तरांनी हिशेबही मांडला. दोन वर्ग पुरेत, एक मुलांना आणि एक मुलींना. बाके एकावर एक रचली की पंधरा बिछान्यांची जागा होते. बिछाना म्हणजे पेंढा भरलेले पोते, तसलीच उशी, दोन चादरी आणि एक कांबळे. आणि अट एकच: आपली झोपायची जागा ज्याने त्याने स्वच्छ आणि नीटनेटकी ठेवायची.

या अटीकडे आपण नीट लक्ष दिले पाहिजे. नोकर नाही म्हणून खर्च नाही, आणि खर्च नाही म्हणून गरिबाचे पोर येऊ शकते, हा झाला व्यवहार. पण त्यात शिक्षणही आहे. कारखानदाराचा मुलगा असो की कामगाराचा, सकाळी केरसुणी दोघांच्याही हाती. वर्गात समतेवर दहा धडे वाचून जे उमजत नाही, ते अशा एका सकाळी उमजते.

पुढच्याच वर्षी, १९१० साली, शिरमान यांनी हा विचार लेख लिहून वर्तमानपत्रात मांडला. त्यांनी मागितली होती ती साध्या प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी वसतिस्थाने. वरच्या वर्गांसाठी जे थोडेफार होते, ते खालच्यांसाठीही हवे, एवढेच त्यांचे म्हणणे. लोकांनी मदत पाठवली. विल्हेल्म म्युन्कर नावाचे एक कारखानदार त्यांना येऊन मिळाले आणि संघटनेचा भार त्यांनी उचलला. एकाकडे कल्पना, दुसऱ्याकडे हिशेबाची वही. कोणतेही सार्वजनिक काम उभे राहायला ही जोडी लागतेच.

आल्टेनाच्या त्या जुन्या किल्ल्याची तेव्हा पुन्हा बांधणी चालली होती. त्याच किल्ल्यात १९१२ साली पहिले कायमचे यूथ हॉस्टेल, म्हणजे तरुणांचे वसतिगृह, सुरू झाले. जिथे एके काळी सरदार आणि शिपाई राहत, तिथे आता पाठीवर पिशव्या घेतलेली मुले लाकडी पलंगांवर झोपू लागली. शिरमान स्वतः तिथले व्यवस्थापक झाले. जर्मन भाषेत अशा माणसाला ‘वसतिगृहाचा बाप’ म्हणतात. किती योग्य नाव! ते पलंग किल्ल्यात अजून जपून ठेवले आहेत.

यानंतर आले पहिले महायुद्ध. मास्तर सैनिक झाले आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर व्होज पर्वतातल्या खंदकांत जाऊन पडले. १९१५ सालच्या नाताळात तिथे एक अजब गोष्ट घडली. त्यांच्या भागात दोन्हीकडच्या तोफा-बंदुका थांबल्या. जर्मन आणि फ्रेंच शिपाई एकमेकांना भेटले. इकडून काळा पाव, बिस्किटे आणि मांस गेले; तिकडून दारू आणि सिगारेटी आल्या. नाताळ संपला तरी त्यांच्यातली मैत्री संपेना. शेवटी वरिष्ठांनी शिस्त बसवली आणि लढाई पुन्हा सुरू झाली. शिरमान यांच्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. जी माणसे एकमेकांना ठार मारायला आणली, ती भेटताच मित्र होतात. मग निरनिराळ्या देशांच्या मुलांना लहानपणीच भेटायची जागा करून दिली तर?

१९०९ च्या रात्रीत गरिबाच्या मुलाची काळजी होती. १९१५ च्या अनुभवाने तिच्यात शेजारच्या देशाच्या मुलाचीही भर घातली. लढाईनंतर १९१९ साली साऱ्या जर्मनीची वसतिगृह-संघटना स्थापन झाली. काम इतके फोफावले की १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत त्या एका देशात दोन हजारांहून अधिक वसतिगृहे होती. इतर देशांनीही हा कित्ता गिरवला. ऑक्टोबर १९३२ मध्ये अकरा देशांच्या संघटना हॉलंडमधल्या ॲम्स्टरडॅम शहरी जमल्या आणि आंतरराष्ट्रीय संघ निघाला. पुढे त्याच्या अध्यक्षपदी बसले एक शाळामास्तर, रिखार्ड शिरमान.

गोष्ट इथे संपवता आली असती तर गोड झाली असती. पण इतिहासाला गोड शेवटाची सवय नाही. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि वसतिगृहे त्याच्या तरुण-संघटनेच्या ताब्यात गेली. इमारती त्याच, पलंग तेच, पायी चालणारी मुलेही तशीच. आता मात्र ती गणवेशात आणि घोषणा देत चालू लागली. ज्यू मुलांना तर दार बंदच झाले. १९३६ साली शिरमान यांना आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपदही सोडावे लागले. ज्या छपराखाली परक्या देशाची मुले भेटावीत असे त्यांना वाटत होते, त्याच छपराखाली आता परक्याचा द्वेष शिकवला जाऊ लागला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या हकिगतीचा हाच भाग आपण विसरता कामा नये. मुलांना एकत्र नेणे, चालवणे, गाणी म्हणायला लावणे, उघड्या आभाळाखाली ठेवणे ही फार मोठी शक्ती आहे. वर्गात जे चार महिन्यांत रुजत नाही, ते सहलीच्या चार दिवसांत रुजते. चांगलेही रुजते आणि वाईटही. म्हणून सहल कुठे नेली हे जितके महत्त्वाचे, तितकेच तिथे दार कोणाला उघडे होते आणि कोणाला बंद, हेही महत्त्वाचे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा शिरमान सत्तरीच्या पुढे होते. त्या वयात ते पुन्हा कामाला लागले. १९४९ साली जर्मन संघटना नव्याने उभी राहिली. १४ डिसेंबर १९६१ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या त्या एका रात्रीच्या विचारातून निघालेली वसतिगृहे अनेक खंडांत पसरली होती. आपल्या देशातही आज अशी वसतिगृहे आहेत.

हे सारे ऐकताना मला राहून राहून आपले साने गुरुजी आठवतात. तेही शाळामास्तरच. अमळनेरच्या शाळेत शिकवीत असताना त्यांच्याकडे छात्रालयाचे काम होते, आणि मुलांच्या खोल्या ते स्वतःच्या हाताने आवरून ठेवीत. त्याच गुरुजींनी पुढे आंतरभारतीचे स्वप्न पाहिले: निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी जावे, एकमेकांना ओळखावे. या दोन शिक्षकांची भेट झाल्याचे मला माहीत नाही. पण एकाने खंदकात आणि दुसऱ्याने छात्रालयात जे ओळखले, ते एकच होते.

मग आपण काय करावे? आपल्याकडे सहल म्हणजे बहुधा एस.टी.ची गाडी, दोन दिवसांत पाच ठिकाणे आणि परत. मुले दमतात, मास्तर त्याहून दमतात. आणि ज्याच्याकडे वर्गणी नसते तो घरीच राहतो. त्याऐवजी दोन शाळांनी जोडी जमवून पाहावी. कोकण किनाऱ्यावरची एक शाळा आणि देशावरची एक. किनाऱ्यावरच्या पुष्कळ मुलांनी ज्वारीची सुगी पाहिलेली नसते. सोलापूरकडच्या पुष्कळ मुलांनी भरती-ओहोटी पाहिलेली नसते. एका वर्षी हे त्यांच्याकडे जातील, दुसऱ्या वर्षी ते यांच्याकडे येतील. मुक्काम शाळेतच. मुलींची खोली वेगळी, त्यांच्याबरोबर शिक्षिका, पाण्याची आणि शौचालयाची सोय आधी पाहिलेली, पालकांची आणि वरिष्ठांची परवानगी लेखी घेतलेली. शिधा ज्याने त्याने आणावा, भाजी गावाने द्यावी. गावातले कोळी किंवा शेतकरी हेच त्या दिवसांपुरते गुरुजी. आणि निघताना खोली पाहुण्यांनी झाडायची. ती शिरमान मास्तरांची अट, आणि वारकऱ्यांचीही.

गावकरी मंडळींनाही दोन शब्द सांगतो. या हकिगतीत आपण मास्तरांचे नाव घेतले. पण त्या रात्री पेंढा आणि दूध देणारा शेतकरी नसता, वर्गाचे कुलूप काढणारा मुख्याध्यापक नसता, तर मास्तरांना तो विचार सुचला असता का, कोण जाणे! त्या दोघांनी काही मोठे केले, असे त्यांना स्वतःला वाटलेही नसेल. पावसात भिजलेली पोरे दारी आली आणि त्यांनी दार उघडले, इतकेच.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी परगावच्या शाळेची मुले तुमच्या गावात उतरली, तर शाळेची किल्ली कोणाकडे आहे ते एकदा विचारून ठेवा.