कोंडलेल्या हवेचा गिलावा

इमारतीच्या जमाखर्चात गिलाव्याचे कलम नेहमी अखेरीस येते. पाया, दगडकाम, विटकाम, छत आणि चौकटी यांचा हिशेब पुरा होऊन मालकाची थैली रिकामी आणि मक्तेदाराचा उत्साह मंद झालेला असता भिंतींवर जे बोटभर जाडीचे आच्छादन चढविले जाते, ते गिलावा. आणि म्हणूनच की काय, स्थापत्याच्या इतिहासकारांनी स्तंभांची, कमानींची आणि घुमटांची वंशावळ ज्या अगत्याने लिहिली, त्या अगत्याने या थराची लिहिली नाही. वास्तविक, बाहेरचे ऊन आणि आतला माणूस यांच्यामध्ये पहिला पहारा याच थराचा असतो. तो जड आणि घट्ट असला तर उष्णता विनासायास आत उतरते. हलका आणि सच्छिद्र असला तर ती बराच काळ बाहेर ताटकळते. उष्णतारोधक हलका गिलावा या नावाने आज गोण्यांतून विकला जाणारा माल अगदी अलीकडचा दिसत असला, तरी त्याचे कूळ जुने आहे आणि त्याच्या शाखा पुष्कळ अनपेक्षित ठिकाणी फुटलेल्या आहेत.

या कुळाचा मूळपुरुष हवा हा होय. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत कृपण वाहक आहे; तिची वाहकता मीटरला व अंशाला सुमारे 0.025 वॅट इतकी भरते, तर वाळू-सिमेंटच्या नेहमीच्या गिलाव्याची 0.72च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीसपट. परंतु हवा मोकळी सोडली की ती फिरू लागते आणि फिरता फिरता उष्णतेची ने-आण करते. म्हणून तिला इतक्या लहान लहान कोठड्यांत डांबणे भाग पडते की हलण्यास वावच राहू नये. या कोठड्या कोणी गवताच्या नळ्यांतून मिळविल्या, कोणी ज्वालामुखीच्या दगडातून, कोणी भट्टीतून, तर कोणी रसायनशाळेतून. गिलाव्याच्या इतिहासात माती, चुना, जिप्सम आणि सिमेंट ही बंधके बदलत गेली, पण त्यांच्यामागचा हा खटाटोप एकच राहिला.

हलक्या दगडाची ओळख प्राचीनांना चांगली होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात विटांचे प्रकरण लिहिताना स्पेनमधील मॅक्सिलुआ व कॅलेट आणि आशिया मायनरमधील पिटाने या गावांचा उल्लेख करून असे नमूद केले आहे की, तेथील विटा वाळल्यावर पाण्यात टाकल्या तर तरंगतात. कारण त्यांची माती प्युमिस नामक ज्वालामुखीजन्य सच्छिद्र दगडासारखी असते. पुढे दुसऱ्या शतकात उभारलेल्या रोममधील पँथिऑनच्या 43 मीटर व्यासाच्या घुमटात तळाशी जड दगडाची खडी आणि माथ्याकडे प्युमिससारखी हलकी खडी घालण्याची युक्ती योजिली गेली. तथापि या दोन्ही ठिकाणी हेतू वजन कमी करण्याचा होता; ऊन अडविण्याचा विचार त्यात असल्याचा पुरावा नाही, आणि तो आपण मागाहून त्यांच्या पदरी घालणे योग्य होणार नाही.

हाच सावधपणा आपल्याकडच्या लेण्यांविषयी बोलतानाही बाळगावा लागतो. अजिंठ्याची चित्रे ज्या पृष्ठावर रंगविली आहेत, तो खडकावर चढविलेला मातीचा गिलावा असून त्यात भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू आणि बिया मिसळलेल्या आढळतात. वेरूळला याहून कौतुकास्पद प्रकार दिसून आला. पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तेथील गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली व अन्य उपकरणांनी तपासले, त्यांची तुलना भांगेच्या ताज्या झाडांशी केली, आणि मातीत व चुन्यात भांगेच्या झाडाचे अवशेष मिसळलेले असल्याचा निष्कर्ष 2016 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मातीच्या गिलाव्यात हे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग सापडत नाही आणि तेथील चित्रांची कीटकांनी मोठी हानी केली आहे, उलट वेरूळचा गिलावा कीटकांपासून बचावला, हेही त्यांनी नोंदविले. यादवांच्या देवगिरी किल्ल्यातही भांग वापरली गेल्याचा उल्लेख त्यांच्या लेखनात येतो.

ही बातमी प्रसिद्ध होताच पुष्कळांनी वेरूळच्या कारागिरांना उष्णतारोधनाचे आद्य आचार्य ठरवून टाकले. मला हा उत्साह अवाजवी वाटतो. कित्येक हात जाडीच्या कातळात कोरलेल्या दालनाला उन्हाची भीती ती किती असणार? तेथे गिलाव्याला तडा जाऊ नये, तो खडकाला धरून राहावा, ओल शोषून सोडून देण्याइतका सैल असावा आणि किड्यांना रुचू नये, एवढ्याच अपेक्षा असाव्यात. मात्र तडा टाळण्यासाठी जो तंतू घातला, त्यानेच गिलाव्याचा पोत पोकळ केला, आणि पोकळ पोताबरोबर हलकेपणा व उष्णतारोध हे दोन्ही गुण न मागता पदरात पडले. पुढच्या इतिहासातही असेच वारंवार घडलेले दिसेल: शोध एका कारणासाठी लागतो आणि कामी येतो दुसऱ्याच.

खेड्यापाड्यांतील मातीच्या भिंतींची कथाही याहून वेगळी नाही. माती भिजत घालावी, तीत गव्हाचा भुसा अथवा भाताचे तूस मिसळावे, पायांनी तुडवून ते मिश्रण काही दिवस मुरू द्यावे, मग भिंतीवर थापून वर शेणाचा हात फिरवावा, ही रीत कोणा पंडिताने घालून दिलेली नाही. तिचा दोष एकच, की पावसाच्या माऱ्यापुढे ती टिकत नाही. आणि रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने त्यावर उपाय म्हणून भुसा मिसळलेल्या मातीत पातळ केलेले डांबर कालवून न धुपणारा गिलावा सिद्ध केला, तेव्हा सरकारी अभियंत्यांनीही भुशाला हात लावला नाही, केवळ त्याचे पाण्यापासून रक्षण केले. गवताच्या नळीतील हवेला दिलेली ही राजमान्यताच म्हणावयाची.

आता एका योगायोगाकडे वाचकाचे लक्ष वेधतो. 1824 साली इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटची सनद मिळविली. आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये थॉमस वेब याने तापविल्यावर अळीसारख्या वळवळत फुलणाऱ्या एका अभ्रकसदृश खनिजाला व्हर्मिक्युलाइट असे नाव दिले. एकाच्या पोटी जगातील सर्वांत कणखर आणि जड गिलावा जन्मला, दुसऱ्याच्या पोटी हलका. पण पहिल्याने शतकभर राज्य केले आणि दुसरा तितका काळ खनिजसंग्रहाच्या कपाटात कुतूहलाची वस्तू म्हणून पडून राहिला. हिंदुस्थानात 1914 साली पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन सुरू झाले, आणि हळूहळू घाणीत मळलेल्या चुन्याबरोबर तूस-तागाचा गिलावाही शहरांतून हद्दपार झाला. बांधकाम जलद व टिकाऊ झाले हे खरे, परंतु उन्हाळ्यात घरे तापू लागली, आणि तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता ओतू लागली.

व्हर्मिक्युलाइटचे नशीब उघडले ते मोंटाना राज्यातील लिबी या गावाजवळ. एडवर्ड अ‍ॅली नामक गृहस्थ तेथील जुन्या खाणीच्या बोगद्यात हिंडत असता त्याच्या हातातील ज्योतीच्या धगीने भिंतीचा दगड फुगून उठला, असे सांगितले जाते. कथेत रंग भरला असेल. परंतु 1920च्या दशकात त्याने झोनोलाइट या नावाने हा माल बाजारात आणला, एवढे निश्चित. या खनिजाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी अडकलेले असते. तीव्र आच लागताच त्याची वाफ होऊन पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात, आणि दाणा आठपट ते तीसपट फुगतो. वाळूऐवजी हा फुगलेला दाणा जिप्सममध्ये मिसळून केलेला गिलावा वजनाला इतका कमी आणि आगीला इतका दाद न देणारा ठरला की उंच इमारतींच्या पोलादी खांबांभोवती तो लपेटण्याची प्रथा पडली. म्हणजे येथेही मागणी आधी आली ती अग्निरक्षणाची.

परंतु लिबीचा वृत्तान्त येथे संपत नाही, आणि तो अर्धवट सांगणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. त्या डोंगरात व्हर्मिक्युलाइटच्या सोबतीला अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातीचे घातक तंतू होते. जगाच्या व्हर्मिक्युलाइटचा फार मोठा हिस्सा अनेक वर्षे याच एका खाणीतून येत होता, आणि तिची धूळ खाणकामगारांच्या कपड्यांबरोबर त्यांच्या घरांत, त्यांच्या मुलाबाळांच्या फुप्फुसांत जात होती. खाण 1990 साली बंद झाली. सिअ‍ॅटलच्या एका वृत्तपत्राने 1999 साली हा प्रकार चव्हाट्यावर आणीपर्यंत गावात शेकडो माणसे आजारी पडलेली होती, आणि 2009 साली अमेरिकी सरकारने तेथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. दोष व्हर्मिक्युलाइटचा नव्हता, त्याच्या शेजाऱ्याचा होता. पण शेजार तपासण्याची तसदी ज्यांनी घ्यावयास हवी होती त्यांनी ती घेतली नाही, आणि त्याची किंमत भलत्यांनाच मोजावी लागली.

दुसऱ्या शाखेचा जन्म अ‍ॅरिझोना राज्यातील सुपीरियर या खाणगावी झाला. गावाशेजारच्या राखी रंगाच्या दगडात काळ्या ज्वालामुखी काचेचे गोटे सापडतात, आणि कड्यावरून उडी घेतलेल्या अपाची वीरांसाठी त्यांच्या स्त्रियांनी ढाळलेले अश्रू ते हेच, अशी तेथील दंतकथा आहे. ज्या दगडात हे अश्रू रुतलेले असतात तो परलाइट. 1930च्या दशकाच्या अखेरीस तेथे धातुपरीक्षणाची प्रयोगशाळा चालविणाऱ्या ली बॉयर याच्या भट्टीत या दगडाचे कण पडले आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसे ते फुटून पांढरेशुभ्र झाले. कारण साधे आहे. परलाइट म्हणजे सिकताप्रचुर लाव्ह्याची काच. तीत वजनाच्या दोन ते पाच टक्के पाणी बंदिस्त असते. 850 ते 900 अंशांच्या सुमारास काच मऊ पडते, पाण्याची वाफ होते, आणि मऊ काच ताणली जाऊन दाणा मूळ आकारमानाच्या चारपट ते वीसपट होतो. आतल्या असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे राखी दगड शुभ्र दिसू लागतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्ह्याचाच, पण त्यात सिकता कमी. त्यामुळे तो कितीही भाजला तरी त्याच्या लाह्या होत नाहीत.

1946 साली परलाइटचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि त्याला पहिली मोठी गिऱ्हाइकी मिळाली ती गिलाव्यातील वाळूचा बदली म्हणूनच. फुललेल्या परलाइटचे वजन घनमीटरला 50 ते 150 किलोग्रॅम, तर वाळूचे दीड हजारांच्या घरात. हा फरक परांचीवर चढून दिवसभर थापी चालविणाऱ्या गवंड्याच्या मनगटाला कोणत्याही कोष्टकापेक्षा लवकर कळला असेल. भारतीय मानक संस्थेने 1976 साली जिप्सम गिलाव्याच्या मानकाचा दुसरा भाग खास तयार मिश्रणाच्या हलक्या गिलाव्यांसाठी काढला. म्हणजे कागदोपत्री या वस्तूला आपल्याकडे परवाना मिळून बराच काळ लोटला. भिंतींवर मात्र ती क्वचितच चढली.

पुढील दोन शाखा थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये नोझां-स्यूर-सेन या गावी शार्ल राझेती याने 1980च्या दशकात एका जुन्या लाकडी सांगाड्याच्या घराच्या जीर्णोद्धारासाठी भांगेच्या काडीचे तुकडे चुन्यात कालवून भरले, आणि त्यातून भांग-चुन्याचे आधुनिक बांधकाम युरोपभर पसरले. वेरूळचा निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध झालेला नव्हता. दुसरी शाखा एअरोजेलची. कॅलिफोर्नियातील सॅम्युएल किस्लर याने 1931 साली ओल्या जेलीतील द्रव काढून घेऊन त्या जागी हवा भरण्याची किमया साधली, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असलेला घनपदार्थ निर्माण केला. त्याचे दाणे घातलेला गिलावा स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेने गेल्या दशकात सिद्ध केला. त्याची वाहकता 0.028, म्हणजे जवळजवळ निव्वळ हवेइतकी. किंमत अर्थात त्याच मानाने चढी, आणि म्हणून ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीपलीकडे तो फारसा गेलेला नाही.

आता आपल्या उपयोगाचे. युरोपीय मानकात उष्णतारोधक गिलाव्याच्या दोन प्रती ठरविल्या आहेत: वाहकता 0.1पर्यंत ती पहिली, 0.2पर्यंत ती दुसरी. विटेच्या भिंतीची वाहकता 0.8 धरली, तर पहिल्या प्रतीचा 25 मिलिमीटर जाडीचा गिलावा 200 मिलिमीटर विटकामाइतकी उष्णता अडवितो. मराठवाडा-विदर्भातील ज्या घरांच्या पश्चिमेच्या भिंती उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत, त्यांना याहून स्वस्त उपचार थोडेच सापडतील. परंतु जिप्समचा हलका गिलावा बाहेरच्या अंगाला चालत नाही, कारण तो पाण्यात विरघळतो. बाहेर चुन्याचा किंवा सिमेंटचाच हवा, आणि त्यावर पाणी न शिरू देणारा पातळ थर अवश्य हवा, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णतावाहक आहे आणि ओला झालेला हलका गिलावा नावापुरताच हलका उरतो. कोकणात तर ही काळजी दुप्पट घ्यावी. व्हर्मिक्युलाइट घेताना त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नसल्याचा दाखला मागून घ्यावा. लिबीनंतर तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आणि गवंड्याला बजावून ठेवावे की यंत्रात मिश्रण गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवू नये. दाणे भरडले गेले की गोणीची किंमत हलक्या मालाची पडते आणि भिंतीवर चढतो तो जडच.