कार्यकर्त्याच्या घरची चूल

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा पाहिली, की गोसीखुर्द धरणाचा फुगवटा आठवतो. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी त्या प्रकल्पाची पायाभरणी केली. पुनर्वसनाचा लढा पुढे कित्येक वर्षे चालला. अशा लढ्यांच्या इतिहासात मोर्चांची नोंद होते. कार्यकर्त्याच्या घरची चूल कशी पेटली, याची क्वचितच.

१९८० नंतरच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी हाच प्रश्न हाती घेतला. आचार्य अत्रे यांच्या १९३६ च्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत नटसंचात करून त्यांनी पैसा उभारला, ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ स्थापिला आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मासिक मानधन देऊ केले. ‘कृतज्ञता’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. येथे देणारा स्वतःला ऋणी म्हणवितो.

जर्मन कॅथॉलिक बिशपांनी १९५८ मध्ये स्थापिलेल्या ‘मिझेरिओर’चा मूळ आधारही प्रायश्चित्तकाळातील वर्गणीच. परंतु परदेशी मदत म्हटली की प्रकल्प आला, अहवाल आला. एसटीच्या तिकिटाला आणि लेकराच्या वह्यांना त्या रकान्यांत जागा कुठली? (आपणही विहिरीला, इमारतीला सढळ हाताने देतो!) निधीचे मानधन तुटपुंजेच होते. ते माणसाच्या नावाने मिळे.