एका बघ्याची बखर

सिनेमाचा इतिहास आजवर दोन जातीच्या लोकांनी लिहिला. एक समीक्षक आणि दुसरे निर्माते. समीक्षकांना पडद्यावर आशय दिसतो, निर्मात्यांना गल्ला दिसतो. तिसरी एक जात आहे, तिला पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं दिसतं. मी या तिसऱ्या जातीचा. आमचं मत कुणी विचारत नाही, आणि त्यामुळेच असेल, आमच्याइतकी मतं दुसऱ्या कुणाकडे नसतात.

आम्ही ठरवून सिनेमा बघत नाही हो. घरातून निघताना सिनेमा ठरलेला असतो, पण बघून येतो तो ज्याची तिकिटं मिळतील तो. 'मोगल-ए-आझम'ला निघालेलं कुटुंब हाउसफुलची पाटी बघून शेजारच्या थेटरातला भुताचा सिनेमा बघून परत येतं आणि वर 'हाही बरा होता' असं म्हणतं. अशा रीतीनं मी आयुष्यात संत, दरोडेखोर, देवी, तमासगीर आणि जुळे भाऊ एकाच भक्तिभावाने पाहिले. समीक्षकांना हे जमणार नाही. त्यांना आवडीनिवडी असतात.

आता तुम्ही म्हणाल, बघ्याचा इतिहासाशी संबंध काय? तर संबंध असा, की आपल्या सिनेमाचा जन्मच मुळी एका बघ्याच्या पोटी झाला. १९१० च्या नाताळात गिरगावातल्या एका तंबूवजा थेटरात एक चाळिशीचे गृहस्थ येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा बघत बसले होते. पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण चालत होते. हल्ली अशा प्रेक्षकाला 'लक्ष नाही' म्हणतील. पण हे गृहस्थ घरी गेले आणि बायकोला सिनेमा दाखवायला घेऊन आले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचं नाव. पुढे त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, विलायतेला जाऊन कॅमेरा आणला आणि 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ ला तो गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत सारं केलं. सिनेमा बघून आल्यावर नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिरतं आणि त्याचा त्रास बायकोला होतो, ही परंपरा इतकी जुनी आहे.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. या सिनेमाचे जे तुकडे आज शिल्लक आहेत त्यांत तारामती आणि तिच्या सख्या हौदात खेळताहेत असा एक प्रसंग आहे. सगळ्या सख्या पुरुष. ओल्या लुगड्यांत. समीक्षक या प्रसंगाबद्दल फार गंभीरपणे लिहितात. मी पाहिला तेव्हा मला आमच्या गणेशोत्सवातली नाटकं आठवली आणि फार आपलेपणा वाटला.

सुरतेचा किस्सा प्रसिद्धच आहे. तिथे पहिल्या खेळाला माणसंच येईनात. तिथल्या लोकांना त्याहून कमी पैशात तासन्‌तास चालणारं नाटक बघायची सवय. हे दीड तासाचं चित्र कोण बघणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, की तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो बघा, चित्राची लांबी दोन मैल! दुसऱ्या दिवशी गर्दी लोटली. याला म्हणतात प्रेक्षक ओळखणं. आम्हाला कला किती आहे ते सांगू नका, वजनावर किती येते ते सांगा.

आमची आजी कोल्हापूरची, जन्म १९१४ चा. कोल्हापुरात त्या वेळी बाबूराव पेंटर होते. त्यांनी कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला होता. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची कथा, शेवटी तो शहरात गिरणीत जातो. देवदेवतांच्या आणि ऐतिहासिक चित्रांच्या गर्दीत असा सिनेमा काढायचा म्हणजे धाडसच. शेतकऱ्याचं काम करणारा तरुण नट म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. आजी तेव्हा अकरा वर्षांची. वडिलांबरोबर गेली होती.

मी कॉलेजात असताना कुठल्याशा पुस्तकात या सिनेमाबद्दल वाचलं आणि मोठ्या उत्साहाने आजीला विचारलं, "आजी, तू 'सावकारी पाश' पाहिलास? कसा होता?"

"अर्धा पाहिला," आजी म्हणाली. ती मेथी निवडत होती. "सावकार कागदावर अंगठा घेतो तिथवर पाहिला. मग आमचे आबा उठले नि बाहेर जाऊन उभे राहिले. मग आम्ही पण उठलो."

"का?"

"का म्हणजे? आपलं माळावरचं रान तेव्हा गहाणच होतं की."

एवढं बोलून ती पुन्हा मेथीकडे वळली. मी विचारलं, घरी जाताना आबा काही म्हणाले का? तर म्हणे काही नाही, वाटेत भजी घेऊन दिली.

पुस्तकात त्या सिनेमाचं वास्तववादी म्हणून कौतुक होतं. ते खरंच असणार. पण वास्तव किती होतं ते माझ्या पणजोबांच्या उठून जाण्यावरून मला जास्त कळलं. आणि गंमत बघा, राहिलेला अर्धा सिनेमा आता आजीलाच काय, कुणालाच बघता येणार नाही. 'सावकारी पाश'ची ती मूक प्रत आज अस्तित्वातच नाही. बाबूरावांनी १९३६ साली तो पुन्हा बोलका करून काढला, पण ते वेगळं चित्र. पहिल्याविषयी जे ज्ञान आहे ते काही फोटो, काही कागद आणि बघितलेल्यांच्या आठवणी. वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया यांनी तो पाहिला होता, पण तो त्यांना पुसटसाच आठवत होता. त्यांच्या मनात ठसली ती बोलपटातली अंधारातली एक उदास झोपडी आणि रडणारं कुत्रं.  ते यांना पुढेही ऐकू येत राहिलं. सिनेमाचे अभ्यासक आज हीच आठवण पुन्हा पुन्हा सांगतात, मूकपटाचं तर दाखवायला रीळही नाही.

ही रिळं गेली कुठे? काही जळली. त्या काळची नायट्रेटची फिल्म काडी लावायचा अवकाश, की पेटायची. काही दमट कपाटांत चिकटून गेली. आणि पुष्कळशी, सांगायला लाज वाटते, चांदीसाठी गेली. फिल्मवर चांदीचा अंश असतो. सिनेमा चालून चालून जुना झाला, की रिळं वितळवून चांदी काढायची आणि मोकळं व्हायचं. आपल्याकडे मोड घेणाऱ्याला जुनं तांब्याचं घंगाळ देतात, त्यातलाच प्रकार. देशात हजारावर मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसेक उरले, आणि तेही बरेचसे तुकड्यांत. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची प्रत आज नाही. बोलायला लागल्याबरोबर काय बोललो तेच आपण हरवून बसलो. १९६४ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालय निघालं तोवर उशीर झाला होता. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, फाळके कुटुंबीयांकडून, कुणाच्या माळ्यावरून रिळं गोळा केली म्हणून तारामती हौदात तरी दिसते. हे नायर अंधारात बॅटरी आणि वही घेऊन सिनेमा बघत आणि टिपणं काढत. म्हणजे तेही मूळचे बघेच, फक्त शिस्तीतले.

असो. आजी लग्न होऊन गिरगावात आली आणि १९३६ साली तिने 'संत तुकाराम' पाहिला. हा मात्र पुरा. तो मुंबईत सेंट्रल सिनेमात सत्तावन्न आठवडे चालला. (फाळक्यांचे फोटो सत्तावन्न हजार, तुकाराम सत्तावन्न आठवडे. या आकड्याचं आणि मराठी सिनेमाचं काय गूळपीठ आहे कोण जाणे.) पुढे तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीपार्टी होते. म्हणजे साळुंक्यांपासून सुरू झालेलं लुगडं शेवटी वैकुंठाला पोचलं म्हणायचं.

लोक थेटरात हात जोडून बसत. आजीनेही जोडले असतील, पण मत विचारलं की म्हणायची, "तुकाराम चांगलाच रे. पण खरी ती जिजाई. पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन देवळात जाते बघ विठोबाला जाब विचारायला, तशी बाई मी सिनेमात दुसरी बघितली नाही. तो गेला विमानात बसून. म्हशीचं कोण करणार होतं?"

पुढे मुंबई दूरदर्शनवर तो लागला तेव्हा चाळीतल्या पंचवीस माणसांसह आम्ही पाहिला. वैकुंठगमनाला सगळ्यांचे हात जोडलेले. आजीचं लक्ष खाली राहिलेल्या जिजाईकडे. बऱ्याच वर्षांनी मोठमोठ्या जाणकारांचे लेख वाचले तर त्यांतही तेच. या सिनेमाचा जीव त्या दोघांच्या संसारात आहे, गौरीची जिजाई अस्सल आहे, वगैरे. चार-चार पानं खर्चून. आजीचं एका म्हशीत भागलं होतं.

'श्यामची आई'बद्दल मी फार बोलणार नाही. १९५३ चा अत्र्यांचा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. शाळेने आम्हाला रांगेने नेलं, आम्ही रांगेने रडलो आणि रांगेने परत आलो. वनमालाबाईंनी काम इतकं चांगलं करायला नको होतं. पुढची पाच वर्षं घरातल्या भांड्यापासून ते तळपायाच्या मळापर्यंत प्रत्येक बाबतीत आमच्या मातोश्री त्या सिनेमाचा हवाला देत. मात्र श्यामच्या आईने पाठीत धपाटे किती घातले याचा हिशेब त्यांनी सोयीने वगळला होता.

१९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला आणि मध्यमवर्गाची मोठी पंचाईत झाली. "आम्ही नाही बाई तसले सिनेमे बघत," असं आमच्या मजल्यावर सगळेच म्हणत. आणि सगळ्यांनाच त्यातले विनोद पाठ! न बघता इतकं पाठ होणं हा चमत्कारच. थेटरात मध्यंतराला दिवे लागले तेव्हा आमच्या मजल्यावरचे तीन कर्ते पुरुष तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत मान खाली घालून चिवडा खात होते. पुढच्याच वर्षी शांतारामबापूंचा 'पिंजरा' आला. विषय तमाशाचाच, पण त्यात डॉ. लागू मास्तर होते आणि मास्तरांचं वाटोळं होत होतं. तो मात्र आम्ही सहकुटुंब उजळ माथ्याने पाहिला. वाटोळं झालेलं दाखवलं की आमच्या वर्गाला काहीही चालतं.

मग १९७५. माझं नुकतंच लग्न झालेलं. मे महिन्यात 'जय संतोषी माँ' लागला आणि ऑगस्टात 'शोले'. एक लहानशा खर्चात काढलेला, दुसरा सत्तर एम.एम.चा. संतोषी माँच्या थेटराबाहेर लोक चपला काढून आत जात, पडद्यावर देवी आली की नाणी आणि फुलं फेकत. परतताना सगळ्यांच्या चपला मिळत की नाही हा श्रद्धेचा वेगळा भाग. सासूबाईंनी शुक्रवार धरले. शुक्रवारी घरात आंबट वर्ज्य. मी नवा जावई, शुक्रवारी जेवायला गेलो की चिंचेशिवायची आमटी ओरपावी लागे. आजी मात्र बधली नाही. "आमच्या वेळी नव्हती ही देवी," म्हणाली आणि लिंबाचं लोणचं वाढून घेतलं.

'शोले'ला पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी फारसं बरं म्हटलं नव्हतं. शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं का, अशीही खलबतं झाली म्हणतात. मग आमची जात मैदानात उतरली. पिटातल्या माणसाने बाल्कनीतल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याने साहेबांना सांगितलं, आणि मिनर्व्हात तो पाच वर्षं हलला नाही. संवादांच्या तबकड्या निघाल्या. गणपतीच्या मांडवात आरतीनंतर गब्बर.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होते. त्यांचं म्हणणं, की 'शोले'चा शेवट तो नव्हेच. पोलीस येतच नाहीत, ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो. "मी स्वतः पाहिलाय, पहिल्या दिवशी, पहिला खेळ!" आता हे शक्यच नव्हतं. आणीबाणी लागली होती, निवृत्त पोलिसाने कायदा हातात, म्हणजे पायात, घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, आणि सिनेमा लागण्याआधीच शेवट बदलून पोलीस आणले होते. गृहस्थांनी कुठेतरी उडतउडत ऐकलं असणार. पण ऑफिसात रोज मधल्या सुट्टीत ते तो शेवट टेबलाखाली पाय आपटून करून दाखवत, इतका बारकाईने, की दोन-तीन वर्षांनी आमच्यातल्या निम्म्या लोकांना तो पाहिल्याचं स्पष्ट आठवू लागलं. माझ्या बायकोलासुद्धा.

आणि हा 'शोले'सुद्धा जाता जाता वाचला बरं का! तबकड्या घरोघर, पण सिनेमाची मूळ निगेटिव्ह पार खराब झालेली, सत्तर एम.एम.ची एकही प्रत शिल्लक नाही. परदेशातल्या एका गोदामात काही रिळं सापडली, त्यांवरून वर्षानुवर्षं डागडुजी करून २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याला तो दाखवला. मूळ शेवटासकट. ठाकूर, खिळ्यांचे बूट, सगळं. मी पेपरात बातमी वाचत होतो तेवढ्यात फोन वाजला. सहकाऱ्यांचा. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं, म्हणून ते स्वतःच मोठ्याने बोलतात.

"वाचलंत का? मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होता," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी, पहिला खेळ!"

आतून बायको म्हणाली, "अहो, त्यांना विचारा, आपण बरोबरच गेलो होतो ना तेव्हा?"