केशवराव भोळे: वाद्यं गप्प ठेवणारा संगीतकार

कसारा लोकलमध्ये असा, नाहीतर मुरबाड-कल्याण एसटीत, इअरफोन नीट लावा. आज आपण जुन्या सिनेमाच्या संगीताबद्दल बोलणार आहोत. पण गाण्यांबद्दल कमी, शांततेबद्दल जास्त.

1932 साली प्रभात कंपनीचा पहिला बोलपट आला, ‘अयोध्येचा राजा’. संगीत गोविंदराव टेंब्यांचं. टेंबे आले ते संगीत नाटकातून, आणि प्रेक्षकही तिथलाच. त्याला गाणी हवीच असायची. बोलपट म्हणजे गाणारा सिनेमा, असंच तेव्हा समीकरण होतं.

याच काळात केशवराव भोळे वेगळा विचार करत होते. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. त्याचं संगीत भोळ्यांचं. तासन्‌तास रंगणाऱ्या पदांऐवजी इथे मोजकी, छोटी गाणी होती. गाणं प्रसंगासाठी, प्रसंग गाण्यासाठी नाही. भोळे मग प्रभातमध्ये आले. 1936 चा ‘संत तुकाराम’ त्यांचाच. त्यातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलंय, पण कित्येकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला! शब्द तर तसे होतेच, पण चालही देवळातल्या भजनातून उचलल्यासारखी होती. सिनेमा एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला.

एवढं यश मिळाल्यावर कुणीही तोच साचा पुढे वापरला असता. पण 1937 मध्ये व्ही. शांताराम ‘कुंकू’ करायला घेतात. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. नीरा नावाच्या मुलीचं फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलं जातं. ती त्याला नवरा मानायलाच नकार देते. नीरा झाली शांता आपटे आणि काकासाहेब झाले केशवराव दाते.

आता अशा गोष्टीला पार्श्वसंगीत कसं देणार? सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. मुलगी रडली की सारंगी आणायची, म्हणजे प्रेक्षकही रडतो. भोळे आणि शांताराम यांनी ते टाळलं. या सिनेमात नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाही. त्या घरात, त्या रस्त्यावर जे ऐकू येईल, तेच आपल्यालाही ऐकू येतं. भिंतीवरचं घड्याळ ठोके देतं आणि काकासाहेबांचं वय मोजत राहतं. गाणी आहेत, पण ती गोष्टीतल्याच माणसांची. नीरा तर लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते.

आपल्याकडच्या जुन्या लग्नांत धवलारीण गायची, तेव्हा तो आवाज कुठून येतोय हे मांडवातल्या सगळ्यांना दिसायचं. ‘कुंकू’चा आवाजही तसाच आहे, डोळ्यांसमोरचा.

मला वाटतं, हा निर्णय नुसता तांत्रिक नव्हता. करुण सूर वाजले असते, तर नीरा ‘बिचारी’ झाली असती. आपण हळहळलो असतो, रुमाल काढला असता आणि घरी गेलो असतो. पण सूर नाहीत, म्हणून तिचा नकार आपल्याला सरळ ऐकावा लागतो. चूक कुणाची, हे आपलं आपण ठरवायचं. लहान वयात मुलींची लग्नं लावणं आजही पुरतं थांबलेलं नाही. म्हणून हा जुना सिनेमा अजून टोचतो.

मोबाइलवर आपण सिनेमातली गाणी तेवढी सुटी करून ऐकतो. त्यात काहीच वाईट नाही. पण प्लेलिस्टमध्ये शांतता येत नाही, आणि भोळ्यांचं अर्धं काम तिथेच आहे. तर या आठवड्यात एवढं करा: ‘कुंकू’ किंवा त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ शोधा आणि एक प्रसंग निव्वळ कानांनी बघा. कुठे काय वाजत नाही, ते आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या भागात!