आंधळा हात

चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. कारेल चापेकच्या १९२० मधील नाटकाने त्यावरून ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला. वेठ मात्र प्रत्यक्षात आली ती १९६१ साली, न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात, ‘युनिमेट’च्या वाट्याला. जॉर्ज डेव्हॉलच्या या यांत्रिक हाताला बळ तेलाच्या दाबाचे, स्मरण चुंबकीय ढोलाचे. एकदा चालवून वाट दाखवावी, की साच्यातले तापलेले भाग तो तसेच उचलीत राही. कामगारांचे हात भाजायचे वाचले. त्यांच्या रोजीचे काय, हे पेटंटात कोठून असणार! पण हाताला डोळा नव्हता. भाग जरा सरकला, की पंजात नुसती हवा. कॅमेरा, भूमिती, तर्कशास्त्र यांची सोयरीक स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ मध्ये जुळली, तेव्हा एक यंत्र पाहून वाट शोधू लागले. तेही लटपटतच, म्हणून तर त्याचे नाव ‘शेकी’!