वेताळ : एका चित्रकथानायकाचे मराठी नामांतर

परभाषेतील वाङ्मय मराठीत अवतरते तेव्हा त्यातील विशेषनामांचे काय होते, हा प्रश्न भाषांतरचर्चेत बहुधा गौण मानला जातो. कथानक, संवाद व शैली यांची चिकित्सा होते. नामे मात्र केवळ लिप्यंतराचा विषय समजली जातात. या समजुतीस बाधा आणणारे एक बोलके उदाहरण मुलांच्या चित्रकथांत आढळते. ते म्हणजे ‘फँटम’ या अमेरिकन नायकास मराठीत लाभलेले ‘वेताळ’ हे नाव होय.

ली फॉक याने निर्माण केलेली ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांतून सुरू झाली. आरंभीची चित्रे रे मूर याची होती. कथेनुसार १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायनाशाची शपथ घेतो. पुढे हे मुखवट्याचे व्रत पित्याकडून पुत्राकडे जाते. अरण्यवासी मात्र एकच अमर पुरुष शतकानुशतके संचार करीत आहे, असे मानतात. म्हणूनच त्यास ‘चालणारे भूत’ अशा अर्थाचे इंग्रजी बिरुद मिळाले. कथेतील वर्तमान नायक त्या परंपरेतील एकविसावा पुरुष आहे.

भारतात ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’तून हा नायक प्रथम परिचित झाला. मार्च १९६४ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि पहिल्याच अंकात त्याची कथा दिली. प्रारंभीचे ३२ अंक सर्वस्वी त्यालाच वाहिलेले होते. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी नायक नंतर आले. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी इत्यादी भाषांतूनही ही मालिका निघत असे.

या भारतीय आवृत्तीत काही नामे हेतुपुरस्सर बदलण्यात आली. बंगालची आठवण करून देणारे मूळ देशनाम जाऊन तेथे ‘डेंकाली’ आले. ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. नायकाच्या पित्याचा मारेकरी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. दुष्टांची नावे भारतीय वाटू नयेत आणि कथाभूमी भारतापासून दूर राहावी, ही दक्षता त्यात उघड दिसते. नायकाचे नाव मात्र नेमक्या उलट दिशेने गेले.

हिंदीतही ‘वेताल’ हेच नाव योजिले गेले. परंतु दोन्ही भाषांतील शब्दाचे वजन सारखे नाही. विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा कथेतील वेताळ दोन्हीकडे ठाऊक आहे. मराठी मुलखात मात्र तो याशिवाय भुतांचा अधिपती व ग्रामरक्षक दैवतही आहे. पुण्यात वेताळ टेकडी आहे, आणि आजच्या गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ असे होते. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा रात्री गावाभोवती फिरून राखण करतो, अशी श्रद्धा असून भक्त त्यास चामड्याच्या मोठ्या चपला अर्पण करतात. फिरण्याने त्या झिजतात, असे मानले जाते. भयप्रद असूनही रक्षणकर्ता, मृतांशी संबद्ध असूनही अविनाशी, आणि रात्री पायी संचार करणारा: परकीय नायकाची ही तिन्ही लक्षणे त्या एका शब्दात आधीपासूनच वसत होती. ‘भूत’ म्हटले असते तर रक्षण हरपले असते; ‘छाया’ म्हटले असते तर भय हरपले असते.

डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांच्या लेखणीतून ‘बहादूर’ हा भारतीय नायक याच मालिकेत अवतरला. १९९० मध्ये मालिका बंद पडली. बहादूर जन्माने देशी होता. वेताळ नावाने देशी झाला. हे दुसरे देशीकरण अधिक सूक्ष्म होय, कारण त्यात कथेची एक रेषाही बदलावी लागली नाही. ज्यास केवळ शब्दयोजना म्हणून दुर्लक्षिले जाते, ते वस्तुतः एका संस्कृतीने दुसरीच्या कल्पनेस दिलेले उत्तर असते. मराठी भाषांतराच्या इतिहासात ग्रंथांइतकेच या स्वस्त, चुरगळलेल्या अंकांनाही स्थान हवे, ते याचसाठी.