वासोट्याच्या वाटेवरील उठलेलीं गांवें

गडांचा इतिहास लिहिणारे बहुधा महादरवाज्यापासून आरंभ करतात. गड कोणीं घेतला, कोणीं राखिला, निशाण केव्हां उतरलें, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें काम आटोपतें. गडाला धान्य, दूध, सरपण आणि माणूस पुरविणाऱ्या पायथ्याच्या गांवांची गोष्ट त्यांत क्वचितच येते. माघ अखेरीस आम्हीं बामणोलीहून वासोटा, तेथून नागेश्वर आणि पुढें कोंकणांतील चोरवणें अशी मजल केली, तेव्हां हें न्यून पावलोपावलीं जाणवलें.

महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत येणारी कोयना आतां या खोऱ्यांत शिवसागर होऊन पसरली आहे. बामणोलीहून होडीनें पलीकडे उतरलें कीं मेट इंदवली लागते. आज तेथें वनखात्याची चौकी आहे. गांव मात्र उठून गेलें. झाडोऱ्यांत घरांचीं जोतीं तेवढीं उरलीं आहेत. गडाच्या घेऱ्यांत पहाऱ्यासाठीं जी चौकी असे तिला 'मेट' म्हणत. तेव्हां येथील वस्ती गडाच्या राखणीशीं बांधलेली होती, असें या नांवावरूनच मानण्यास जागा आहे.

पुढें दाट रानांतून खडा चढ आहे. मध्येंच एखादी सांवर पानें टाकून लाल फुलांनीं भरलेली दिसते. माथ्यावर छप्पर नसलेलें मारुतीचें देऊळ, पाण्याचें टांकें, महादेवाचें मंदिर आणि वाड्याचीं जोतीं आहेत. पश्चिमेस बाबूकडा एकदम कोंकणांत तुटतो.

शिवाजीमहाराज पन्हाळ्यास वेढ्यांत असतां १६६० मध्यें हा गड स्वराज्यांत आला. व्याघ्रगड हें त्याचें दुसरें नांव. १८०६ च्या सुमारास पंतप्रतिनिधींच्या पक्षाच्या ताई तेलिणीनें तो बापू गोखल्यांच्या फौजेविरुद्ध कित्येक महिने झुंजविला. दुसऱ्या बाजीरावाच्या अखेरच्या युद्धांत छत्रपतींच्या घराण्यांतील कांहीं मंडळी आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अंमलदार येथें अटकेंत होते. १८१८ च्या एप्रिलांत जनरल प्रिट्झलरपुढें गड पडला, तेव्हां त्यांची सुटका झाली.

गड पडला, तरी खालचीं गांवें नांदत होतीं. पेशवाई गेली, इंग्रजी आली आणि गेली, पण नाचणी-वरीचीं खांचरें पिकतच राहिलीं. त्यांच्यावर खरा प्रसंग आला तो पुढें दीडशें वर्षांनीं. १९६१-६२ च्या सुमारास कोयना धरणांत पाणी सांठूं लागलें आणि खोऱ्यांतील जमिनी बुडाल्या. कुटुंबें सोलापूर, सांगली, रायगड, ठाणें अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरलीं. १९८५ सालीं अभयारण्य झालें आणि २०१० मध्यें तें सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत आलें; तेव्हां उरल्यासुरल्यांपैकींहि कित्येकांना उठावें लागलें.

या त्यागाचें फळ लहान नाहीं. जलाशयांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें आणि कोयनेच्या वीजगृहांची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या गिरण्या, कारखाने व घरें या विजेनें उजळलीं. परंतु ज्यांच्या शेतांवर तें पाणी उभें राहिलें, त्यांपैकीं अनेकांना बदली जमिनीसाठीं दशकेंच्या दशकें वाट पाहावी लागली. रणांत पडलेल्या गडाची तारीख ग्रंथांत सांपडते. लढाईवांचून उठलेल्या गांवाचा दिवस कोणीं नोंदविला?

वासोट्याहून नागेश्वराची वाट डोंगरधारेनें रानांतून जाते. तेथें गुहेंत महादेव असून पिंडीवर वरून पाण्याचे थेंब ठिबकत असतात. महाशिवरात्रीस कोंकणांतून चढून येणाऱ्या यात्रेकरूंची रांग लागते. चोरवण्याकडे उतरतांना ही पायवाट अजून जिवंत कां, याचें उत्तर आम्हांस मिळालें. ज्या वाटेवर माणसांचें येणें-जाणें टिकलें, ती वाट टिकली. पूर्वेकडील उताराच्या वाटा मात्र, त्या तुडविणारे पायच गेल्यामुळें, रानानें गिळल्या.

दगड आणखी शतकभर राहतील. त्यांची चिंता नाहीं. खोऱ्यांत ज्यांचें बाळपण गेलें, तीं माणसें आतां म्हातारीं झालीं आहेत. कोणाचें घर कोठें होतें, कोणत्या शेताला काय म्हणत, गांवदेवीची जत्रा कोणत्या तिथीस भरे, हें त्यांनाच ठाऊक. वासोट्यास जाणाऱ्या वाचकांनीं गड तर पाहावाच. पण अशा एखाद्या वृद्धाजवळ बसून त्याच्या गांवाची हकीकतहि लिहून घ्यावी. वासोट्याचा अर्धा इतिहास अद्याप त्यांच्याच मुखीं आहे.